शाळेची बातमी

जुन्या हायस्कूलचे नाव वर्तमानपत्रात वर्षातून चार-पाच वेळा तरी येते. दहावीचा निकाल लागला की पहिल्या पाच विद्यार्थ्यांची छायाचित्रे छापली जातात, विज्ञान प्रदर्शनात किंवा कबड्डीत तालुक्याला नंबर आला की दोन ओळी येतात, स्नेहसंमेलन पार पडले की मान्यवरांची नावे येतात, आणि पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या तुकडीचा मेळावा भरला की फेटे बांधलेल्या माजी विद्यार्थ्यांचा मोठा फोटो येतो. ही कात्रणे आम्ही कार्यालयाबाहेरच्या फलकावर लावतो. मुले मधल्या सुट्टीत त्यासमोर गर्दी करून आपापल्या गावातल्या कोणाचे नाव आले आहे का ते शोधतात, आणि सापडले की त्यांना होणारा आनंद अगदी खरा असतो. परंतु शाळा वर्षातले दोनशेहून अधिक दिवस भरते, आणि त्या उरलेल्या दिवसांत जे घडते त्याची बातमी कोणी लिहीत नाही. शंभरी ओलांडलेल्या शाळेच्या बाबतीत मला ही गोष्ट फार गंभीर वाटते.

मी खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी अशाच एका शाळेत मराठी शिकवते, आणि माझे स्वतःचे शिक्षणही तिथेच झाले. काळ्या दगडाची मूळ इमारत, तिच्यावर मंगलोरी कौले, पुढे लांबलचक व्हरांडा, मागे नंतर बांधलेल्या स्लॅबच्या खोल्या आणि मधल्या आवारात कडुनिंबांची रांग, असे तिचे रूप आहे. गावातल्या वकिलांनी, व्यापाऱ्यांनी आणि कापसाच्या जिनवाल्यांनी वर्गणी काढून ती उभी केली. त्या काळी खानदेशातल्या पुष्कळ शाळा कापसाच्या पैशातूनच उभ्या राहिल्या आहेत. आज आमच्याकडे गावातल्या मुलांपेक्षा बाहेरगावाहून येणारी मुले अधिक आहेत. कोणाच्या घरी अहिराणी बोलतात, कोणाच्या घरी लेवा बोली, आणि सातपुड्याच्या पायथ्याकडून येणाऱ्या मुलांच्या घरची बोली आणखी वेगळी असते. ही सगळी मुले सकाळी एका रांगेत उभी राहतात, तेथून परिपाठाला सुरुवात होते.

परिपाठाचा क्रम ठरलेला आहे. राष्ट्रगीत, २०२३ पासून राज्यगीत झालेले ‘जय जय महाराष्ट्र माझा’, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बातम्या आणि बोधकथा. यांतल्या बातम्या वर्षानुवर्षे एकाच पद्धतीने वाचल्या जात होत्या. ज्याची पाळी असेल त्या मुलाने घरून किंवा ग्रंथालयातून वर्तमानपत्र आणायचे, पहिल्या पानावरचे चार मथळे एका दमात वाचायचे आणि मागे सरायचे. दिल्लीतल्या बैठकीची, मुंबईतल्या शेअर बाजाराची, परदेशातल्या युद्धाची बातमी आठवीतला मुलगा धापा टाकत वाचून दाखवत असे आणि रांगेत कोणी ऐकत नसे. परिपाठाची जबाबदारी माझ्याकडे आली तेव्हा मी एवढाच बदल सुचवला की वर्तमानपत्रातल्या दोन बातम्यांनंतर तिसरी बातमी शाळेतली किंवा आपल्या गावची असावी, ती मुलांनी स्वतः लिहून आणावी, आणि वाचून झाल्यावर एका वहीत तारीख घालून उतरवून ठेवावी.

पहिले काही आठवडे वहीत विशेष काही आले नाही. “काल आमच्या वर्गात गणिताची चाचणी झाली”, “आज शनिवार असल्याने कवायत आहे” अशी वाक्ये येत राहिली, कारण बातमी म्हणजे दुसऱ्या कोणाचे तरी काहीतरी मोठे, अशी मुलांची समजूत झालेली होती. पाऊस सुरू झाल्यावर एके दिवशी सातवीतली एक मुलगी दुसऱ्या तासाला वर्गात आली. चिखलाने तिची सलवार गुडघ्यापर्यंत माखलेली होती. उशिराचे कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, “मॅडम, आम्हनी मोटार उनीच नही. फरशीवर पाणी व्हतं.” मी तिला ते दुसऱ्या दिवशी परिपाठात सांगायला लावले. तिने उभे राहून सांगितले की नाल्याला पूर आल्यामुळे फरशी पुलावरून पाणी वाहत होते, मोटार म्हणजे एसटी अलीकडच्या फाट्यावरूनच परत फिरली, तिच्या गावच्या सगळ्या मुली फाट्यावर थांबल्या आणि त्यांतल्या काही जणी घरी गेल्या, काही बांधाबांधाने चालत निघाल्या. त्या सकाळी रांगेत प्रथमच पूर्ण शांतता होती. पुढच्याच दिवशी दुसऱ्या गावच्या मुलाने त्यांच्याकडच्या फरशीची हकीकत आणली, आणि तिथून ती वही खऱ्या अर्थाने सुरू झाली.

मोटारीच्या या बातमीजवळ मला जरा थांबायचे आहे. बाहेरगावाहून येणाऱ्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेखाली एसटीचा मोफत पास मिळतो, आणि आमच्याकडच्या कितीतरी मुली केवळ त्या पासामुळे सातवीनंतर शाळेत टिकल्या आहेत, हे मी रोज पाहते. ज्या दिवशी मोटार येत नाही त्या दिवशी पैसे देऊन रिक्षाने जाण्याची सोय बहुतेक घरांत मुलासाठी होते, मुलीसाठी होत नाही. हजेरीपटावर त्या दिवशी तिच्या नावापुढे गैरहजेरीची खूण पडते, आणि त्या खुणेवरून ती आजारी होती, शेतात होती, लग्नाला गेली होती की फाट्यावर दप्तर छातीशी धरून दीड तास उभी होती, हे कोणालाही कळणार नाही. वहीतल्या नोंदी महिनाभर वाचल्यावर मला कळले की ज्यांना आम्ही अनियमित म्हणून रागावत होतो त्यांतल्या बऱ्याच मुली एकाच नाल्यापलीकडच्या आहेत. त्यांच्या चाचण्या आता आम्ही पावसाचा अंदाज पाहून लावतो. शिक्षकांच्या बैठकीत हा विषय वहीतली पाने समोर ठेवून मांडला गेला, आणि एकानेही हरकत घेतली नाही.

दिवाळीनंतर बातम्यांचा रंग बदलतो. कापसाची वेचणी जोरात असते, मजूर मिळत नाहीत, आणि घरातले सगळे हात शेतात लागतात. “आमच्या घरी काल दोन क्विंटल कापूस निघाला, मी आणि आई मिळून वेचला” असे नववीतला मुलगा अभिमानाने लिहितो, आणि त्याच वाक्यात तो काल शाळेत का नव्हता हेही असते. रावेर-यावलकडचे नातेवाईक असलेली मुले केळीच्या बागा वाऱ्याने आडव्या झाल्याची बातमी आणतात. तापमान वाढू लागले की मार्चमध्ये सकाळची शाळा सुरू होते. जळगाव-भुसावळकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जाणे आम्हांला नवे नाही, पण २०२५ साली पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा २५ एप्रिलपर्यंत चालल्या तेव्हा कौलारू वर्गांत बसलेल्या आणि स्लॅबच्या वर्गांत बसलेल्या मुलांच्या नोंदी मी शेजारी शेजारी ठेवून वाचल्या. जुन्या दगडी वर्गात परीक्षा देणाऱ्यांनी प्रश्नपत्रिकेविषयी लिहिले होते, स्लॅबखालच्यांनी पंख्याविषयी. शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी छताची उंची ठरवली त्यांना खानदेशचा उन्हाळा माहीत होता. नव्या खोल्या बांधताना ती उंची कोणी मोजायला हवी होती, असे मला मनापासून वाटते.

शाळेतल्या रोजच्या बातमीला मोल देण्याची ही कल्पना माझी नाही, आणि ती बाहेरून आलेलीही नाही. साने गुरुजी १९२४ साली अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक म्हणून रुजू झाले आणि १९३० साली सत्याग्रहात उतरण्यासाठी त्यांनी नोकरी सोडली. शाळेच्या वसतिगृहाची जबाबदारी त्यांच्याकडे होती आणि तिथल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय’ हे दैनिक हाताने लिहून काढत असत. १९२८ साली त्यांनी ‘विद्यार्थी’ हे मासिक सुरू केले, ते छापील होते आणि बाहेरच्या वाचकांपर्यंत गेले. मला मात्र त्या हस्तलिखित दैनिकाचे महत्त्व अधिक वाटते. ज्याचे वाचक एका वसतिगृहात मावतात, आणि ज्यात उल्लेख आलेला मुलगा वाचणाऱ्याच्या शेजारीच बसलेला असतो, असे वर्तमानपत्र रोज लिहायला किती माया लागत असेल! दिवसभर शिकवून, वसतिगृहाचे व्याप सांभाळून एका शिक्षकाला हे करावेसे वाटले, याचा अर्थ मुलांचा साधा दिवसही लिहून ठेवण्याच्या योग्यतेचा आहे असे त्याने मानले होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा आम्ही नववीच्या मुलांना घेऊन गेलो होतो. तिथे जाण्यापूर्वी मी वर्गात ‘छात्रालय’ दैनिकाविषयी सांगितले होते, आणि परतताना एका मुलाने विचारले की गुरुजी त्यात मोटारीच्या बातम्या लिहीत असतील का. मला तो प्रश्न फार आवडला.

त्या प्रश्नामुळेच मी कार्यालयातले जुने दप्तर पाहू लागले. कोणत्याही जुन्या शाळेचा खरा ठेवा म्हणजे तिचे जनरल रजिस्टर. आमच्याकडची पहिली रजिस्टरे कापडी पुठ्ठ्यात बांधलेली आहेत, ती दोन हातांनी उचलावी लागतात, पाने कडेने तपकिरी होऊन तुटू लागली आहेत आणि बोरूने लिहिलेली अक्षरे मात्र अजून ठळक आहेत. अनुक्रमांक, नाव, धर्म आणि जात, जन्मस्थळ, अंकी व अक्षरी जन्मतारीख, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, सोडण्याचे कारण आणि शेरा, असे रकाने डावीकडून उजवीकडे जातात. जन्मतारखेच्या रकान्यात कितीतरी पानांवर एकाखाली एक १ जून ही तारीख येते, कारण मुलाला नाव घालायला आणणाऱ्या वडिलांना तारीख ठाऊक नसे आणि जूनमध्ये शाळा सुरू होत असल्याने गुरुजी हिशोबाला सोयीची तारीख लिहून टाकत. आईचे नाव त्या रकान्यांत कुठेच नाही. ते पुष्कळ वर्षांनी आले.

या रजिस्टरांपुढे आज रोज माणसे उभी असतात. जातीच्या दाखल्यासाठी आणि पडताळणीसाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा पुरावा लागतो, म्हणून नातवाच्या प्रवेशासाठी आजोबांची नोंद शोधायला लोक येतात. आमचे लेखनिकभाऊ पान उलटताना खालून तळहात देतात आणि नाव सापडले की त्या माणसाला आत बोलावून बोटाने दाखवतात. नियमाप्रमाणे उतारा देऊन काम भागते, तरी ते असे करतात, आणि मी पाहिले आहे की त्या ओळीवर नजर पडताच बहुतेक जण दाखल्याचे काम क्षणभर विसरतात. आपले आजोबा या इमारतीत बसून शिकले होते, ही त्यांच्यासाठी त्या दिवसाची सर्वांत मोठी बातमी असते.

पण मला स्वतःला सर्वांत अधिक अस्वस्थ करणारा रकाना शाळा सोडण्याच्या कारणाचा आहे. “पुढील शिक्षणासाठी”, “वडिलांची बदली”, “शेतीकाम”, “घरची अडचण”, “सतत गैरहजर”. एका पोराचे सगळे शिक्षण दोन शब्दांत संपते. त्या दोन शब्दांच्या आधी काय काय घडले असेल ते त्या काळच्या एखाद्या मुलाने वहीत लिहून ठेवले असते, तर खानदेशच्या शिक्षणाचा इतिहास आज वेगळ्या तऱ्हेने लिहिता आला असता असे मला वाटते.

रजिस्टरांच्या मागे सूचनावह्या सापडल्या. मुख्याध्यापकांनी लिहायची, शिपायाने वर्गावर्गांत फिरवायची आणि शिक्षकांनी वाचून सही करायची, ही पद्धत आमच्याकडे पहिल्यापासून आहे. “उद्यापासून शाळा सकाळी सात वाजता भरेल”, “मॅट्रिकच्या विद्यार्थ्यांनी फी शनिवारपर्यंत भरावी”, “पुढील आदेशापर्यंत शाळा बंद राहील”. शेवटच्या सूचनेखाली कारण दिलेले नाही, सगळ्यांना ते माहीत होते म्हणूनच दिलेले नाही. १९४२ च्या सप्टेंबरातल्या पानांवर विद्यार्थ्यांनी मधल्या सुट्टीत आवाराबाहेर जाऊ नये अशी सूचना आहे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारला विद्यार्थ्यांच्या मिरवणुकीवर गोळीबार झाला आणि त्यात शिरीषकुमार व त्याचे सोबती हुतात्मा झाले. हा इतिहास आमच्या मुलांना पाठ आहे. तरीही ती सूचना मी वर्गात वाचून दाखवली तेव्हा मुले निराळ्याच तऱ्हेने ऐकत राहिली, कारण ती याच फाटकाविषयीची होती, ज्यातून ती रोज ये-जा करतात. पुढे अकरावीचे मॅट्रिक जाऊन १९७५ साली दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली, त्या सुमाराच्या वह्यांत जादा तासांच्या सूचना पानोपानी आहेत, कारण दहावी आणि अकरावी अशा दोन्ही तुकड्या एकाच वर्षी परीक्षेला बसत होत्या.

या सगळ्या वह्या सलग लावल्या तेव्हा एक गोष्ट लक्षात आली आणि तिने मला खरोखर हादरवले. १९४२ चा सप्टेंबर आमच्याकडे आहे, आणि २०२० चा एप्रिल नाही. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्याची सूचना वहीत आहे, दहावीचा २३ मार्चचा भूगोलाचा पेपर पुढे ढकलल्याची आहे, आणि त्यानंतर कोरी पाने आहेत. तो पेपर पुढे झालाच नाही. सगळ्या सूचना व्हॉट्सॲपच्या गटांवर जाऊ लागल्या, आणि २०२१ साली परीक्षेविनाच ९९.९५ टक्के निकाल लागला तेव्हाही अभिनंदन तिथेच झाले. घरात एकच फोन आणि तो वडिलांबरोबर शेतात, म्हणून रात्री नऊनंतर गृहपाठ पाठवणारी मुले होती. रेंज मिळावी म्हणून पाण्याच्या टाकीवर चढून बसणारी होती. त्या दीड वर्षात लग्न होऊन गेलेल्या मुली होत्या, ज्यांच्या नावापुढे नंतर “सतत गैरहजर” लिहिले गेले. हे सगळे आम्हां शिक्षकांना माहीत आहे, आणि कुठेही लिहिलेले नाही. ते फोन बदलले, गट बंद झाले, काही सहकारी निवृत्त झाले. शाळेच्या इतक्या वर्षांच्या वाटचालीतला इतका अवघड काळ आमच्या कपाटात कोऱ्या पानांच्या रूपाने उरला आहे.

आजही आमची रोजची माहिती संगणकावर भरपूर जाते. यू-डायस आणि सरल या शासकीय प्रणालींतली माहिती, आधार पडताळणी, पोषण आहाराचे रोजचे लाभार्थी, हे सारे वेळच्या वेळी भरले जाते आणि ते भरलेच पाहिजे, कारण संचमान्यता, म्हणजे शाळेला शिक्षकांची किती पदे मंजूर होतात ते, त्यावर ठरते आणि पटसंख्या घटली की तुकडी जाते. आमची एक तुकडी अशीच गेली. त्या दिवशी मुलांच्या वहीत आलेली नोंद मी इथे उतरवते: “आजपासून आमचा वर्ग ब तुकडीत बसणार आहे. आमच्या वर्गाच्या खोलीला कुलूप लावले. आमचे इतिहासाचे सर दुसऱ्या शाळेत जाणार आहेत. त्यांनी सगळ्यांना पेन दिले.” ज्या प्रणालीत ती तुकडी कमी झाली तिथे हे कुठेही भरता येत नाही, आणि मला वाटते शाळेने तरी ते जपून ठेवायला हवे.

म्हणून आता मुलांच्या बातम्यांच्या वह्या वर्षअखेरीस बांधून ग्रंथालयात ठेवल्या जातात आणि दप्तराच्या यादीत त्यांची नोंद होते. मुख्याध्यापकांनी त्यासाठी वेगळे कपाट दिले आहे. वाळवीच्या भीतीने ते भिंतीपासून वीतभर पुढे ओढून ठेवलेले आहे. शाळेचे हस्तलिखित वार्षिक पूर्वी दरवर्षी निघत असे, त्यांतले मोजकेच अंक आमच्याकडे आहेत. १९६० ते १९८० या वीस वर्षांतले तर जवळजवळ सगळेच बाहेर गेलेले आहेत. बहुधा ते ज्यांनी लिहिले त्यांच्याच घरी, ट्रंकेत किंवा माळ्यावर असतील.

या शाळेत किंवा खानदेशातल्या अशाच एखाद्या जुन्या शाळेत शिकलेले जे कोणी हे वाचत असतील त्यांना माझी विनंती आहे की घरातले असे अंक, वर्गाचे फोटो, प्रगतिपुस्तके, स्नेहसंमेलनाच्या पत्रिका आपापल्या शाळेला पाहायला द्याव्यात. मूळ प्रत द्यायचा जीव होत नसेल तर आम्ही छायाप्रत काढून ती त्याच दिवशी परत करू. ज्यांची मुले २०२० आणि २०२१ साली शाळेत होती त्यांच्या जुन्या फोनमध्ये त्या वेळचे गटावरचे संदेश अजून असतील, तर ते कृपया पुसू नयेत. आमच्या दहावीच्या मुलांनी ते कागदावर उतरवून घेण्याचे काम अंगावर घेतले आहे आणि मार्चपासून एप्रिलपर्यंतची काही पाने भरलीही आहेत. दिवाळीच्या सुट्टीत सोमवार ते शुक्रवार अकरा ते दोन या वेळेत कार्यालय उघडे असते. लेखनिकभाऊ नसले तर ग्रंथालयात विचारावे.